गिरणीच्या फाटकाबाहेर



मोठ्या कारखान्यांत नव्या कल्पना कशा रुजतात, यावर मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले. त्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या थ्री एम कंपनीचे उदाहरण घेते. संशोधकाने कामाचा सुमारे १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवावा, अशी मुभा तेथे पूर्वीपासून आहे.

या कंपनीत १९५२ साली पॅट्सी शर्मन या रसायनशास्त्रज्ञ लागल्या. त्याही हंगामी, कारण बाई काय, मूलबाळ झाले की घरी बसणार! नेमून दिलेले काम विमानांच्या इंधननळ्यांसाठी रबर तयार करण्याचे. १९५३ साली मदतनीस बाईंच्या कॅनव्हासच्या बुटावर मिश्रणाचे थेंब सांडले. ते पाण्याने निघेनात, साबणाने निघेनात. उलट बूट मळला तरी तेवढी जागा स्वच्छच! शर्मनबाई आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल स्मिथ त्याच्या मागे लागले. रबर बाजूला ठेवून त्यांना तसे करू दिले गेले, हे महत्त्वाचे. १९५६ साली कापडावर डाग धरू न देणारे ‘स्कॉचगार्ड’ बाजारात आले. (त्यातले मूळ रसायन शरीरात साचून राहते, म्हणून २००० साली कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले, हेही सांगायला हवे.)

पण कापडगिरणीत चाचण्या चालत, तेव्हा बायकांना आत मज्जाव. आपल्याच शोधाचा निकाल ऐकायला शर्मनबाई बाहेर ताटकळत. वेळेच्या मोकळिकीची एवढी वाहवा होते. बाईला तेवढी पुरत नाही, असे मला वाटते. तिला फाटकातून आतही जाता आले पाहिजे.

त्या हंगामी बाई निवृत्त झाल्या १९९२ साली.