वसईच्या खाडीअलीकडची मुंबई

बोरिवली, कांदिवली, मालाड ही लोकलच्या फलाटांवर रोज ऐकू येणारी नावं. ही उपनगरं उत्तर मुंबई लोकसभा मतदारसंघात येतात.

१९६२ची इथली निवडणूक देशभर गाजली. एका बाजूला संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन, दुसऱ्या बाजूला आचार्य कृपलानी. मेनन मोठ्या फरकाने जिंकले, पण चीनच्या युद्धानंतर त्याच वर्षी त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पुढे १९६७मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून उमेदवारीच नाकारली.

मला मात्र १९७७ची निवडणूक अधिक जवळची वाटते. नळाच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून लोक मृणाल गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. आणीबाणीत तुरुंगवास सोसलेल्या मृणालताई इथूनच लोकसभेत गेल्या. हंडे घेऊन मोर्चात उतरलेल्या बायकांचा त्या विजयात केवढा वाटा होता!

१९८९पासून राम नाईक सलग पाच वेळा निवडून आले. २००४मध्ये अभिनेता गोविंदा यांनी त्यांचा पराभव केला. तेव्हा हा मतदारसंघ खाडी ओलांडून वसईपर्यंत पसरलेला होता. उपनगरातली चाळ आणि वसईची केळीची वाडी, दोघांचा खासदार एकच! पुनर्रचनेनंतर, २००९च्या निवडणुकीपासून वसईचा भाग नव्या पालघर मतदारसंघात गेला. आज उत्तर मुंबईत सहा विधानसभा क्षेत्रं आहेत: दहिसर, बोरिवली, मागाठाणे, कांदिवली पूर्व, चारकोप आणि मालाड पश्चिम.