फीच्या पावतीत न दिसणारा खर्च

पदवीचा खर्च म्हटला की आपण कॉलेजची फी मोजतो. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि मराठा आरक्षणातल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. चांगलंच झालं. पण पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं म्हणजे एक लोखंडी खाट, खाटेखाली बॅग, मेसचा डबा वेगळा, लाइट बिल वेगळं. ते कोण माफ करणार? आणि चार वर्षं न झालेली कमाई तर कुणी हिशेबातच धरत नाही. आयटीआयचा फिटर दोन वर्षांत कामाला लागतो.

राज्यसेवेला मात्र पदवी हवीच. ती कुठल्याही शाखेची चालते. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचीही चालते, तीही नोकरी सांभाळून. मग तेवढ्यासाठी महागडं कॉलेज कशाला?

बाकी, माहितीपत्रकात सर्वांत मोठं पॅकेज ठळक छापलेलं असतं. वर्गातल्या मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारून बघा. काउंटरवरचा माणूस जरा घुटमळतो.