पाकीट हातात देताना

फार्मसीच्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

माझं आयुष्य औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून गेलं, म्हणून मी बोलणार आहे ते त्या काउंटरविषयी आणि तिथं रोज येणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांविषयी.

2023 साली आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभरातले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातला नियमित उपचार घेणारा माणूसही डॉक्टरांकडे तीन-चार महिन्यांतून एकदा जातो. तुमच्याकडे मात्र तो दर महिन्याला येतो. त्यामुळे त्याचं औषध नीट चाललंय की मध्येच बंद पडलंय, हे सगळ्यांत आधी तुम्हाला कळू शकतं. 30 दिवसांच्या गोळ्या नेलेले काका 50 दिवसांनी उगवले, तर हिशेब सरळ आहे. फक्त तो विचारणारं कुणीतरी हवं.

विचारलंत की उत्तरं येतात. “शुगर नॉर्मल आली म्हणून सोडली.” “गोळीनं पोट बिघडतं.” “महिनाअखेरीला पैसे नव्हते, अर्धी अर्धी घेतली.” पहिल्याला समजवायचं, की शुगर नॉर्मल आली ती गोळीमुळेच. दुसऱ्याला विचारायचं, की मेटफॉर्मिन उपाशीपोटी तर घेत नाही ना? जेवणासोबत घेतली की बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. तिसऱ्यासाठी डॉक्टरांना फोन करून जनऔषधीतला स्वस्त पर्याय चालेल का, ते विचारायचं. तीन माणसं, तक्रार एकच – ‘शुगर वाढली’. पण कारणं तीन आणि उपायही तीन.

आता इन्सुलिनचं घ्या. आमच्याकडे एक आजी यायच्या. इन्सुलिन नियमित, पथ्य कडक, तरी शुगर उतरेना. एकदा त्यांना म्हटलं, “आजी, घरची सिरिंज घेऊन या आणि कसं भरता ते दाखवा.” बाटली 40 युनिटची होती आणि सिरिंज नारिंगी टोपणाची, म्हणजे 100 युनिटची! त्या सिरिंजवर 20 च्या खुणेपर्यंत भरलं, की 40 च्या बाटलीतलं इन्सुलिन जातं फक्त 8 युनिट. 40 च्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज लागते. याच्या उलट झालं तर जिवावर बेततं. 100 युनिटच्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 पर्यंत भरलं, तर अंगात 50 युनिट जातील. बाटली आणि सिरिंज एकत्र ठेवून पाहायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ प्रत्येक इन्सुलिनवाल्याला द्या. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. आणि सुई रोज एकाच जागी टोचायची नाही, हेही त्याच वेळी सांगा.

आपल्याकडे चतुर्थी आहे, एकादशी आहे, नवरात्र आहे. ग्लिमेपिराइड घेणारी बाई सकाळी गोळी घेते आणि चंद्रोदयापर्यंत काही खात नाही. दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. उपास करू नका, असं सांगून ती ऐकेलच असं नाही. पण उपासाआधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा, एवढं तर सांगता येतं. शुगर 70 च्या खाली गेली की काय करायचं, तेही सांगून ठेवा: 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. तिच्या गोळीत व्होग्लिबोज असेल, तर साखरेनं लवकर गुण येत नाही, कारण साखर फोडण्याची क्रियाच ते औषध मंदावतं. तिथं ग्लुकोज पावडरच हवी. फार्माकॉलॉजीच्या तासाला तुम्ही हे शिकलात. त्या घरापर्यंत ते तुमच्यावाचून कोण पोहोचवणार?

फार्मासिस्टच्या सल्ल्यानं फरक पडतो, हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये ॲशव्हिल नावाचं शहर आहे. तिथल्या नगर प्रशासनानं 1990 च्या दशकात आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांची गावातल्या फार्मासिस्टांशी नियमित भेट ठरवली आणि त्या सल्ल्याचे पैसे फार्मासिस्टांना दिले. कर्मचाऱ्यांची एचबीएवनसी सुधारली. औषधांवरचा खर्च वाढला, पण उपचारांचा एकूण खर्च घटला. सल्ला हेही फार्मासिस्टचं काम आहे आणि त्याला मोल आहे, हे तिथं ताळेबंदानं सिद्ध झालं. आपल्याकडेही 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचं समुपदेशन हा तुमच्या कामाचा भाग मानला आहे.

मात्र मर्यादा सांभाळा. डोस बदलणं आपलं काम नाही. चिठ्ठीशिवाय गोळ्या देणं तर मुळीच नाही. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच औषध लिहिलेलं दिसलं, किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू झालं आणि शुगर उसळली, तर डॉक्टरांना कळवा. डॉक्टरांच्या चुका काढायला नव्हे, रुग्णाला सांभाळायला.

शेवटी एक मागणं, आणि ते मी हात जोडून मागतो. पदवी मिळाल्यावर तुमचं रजिस्ट्रेशन भाड्यानं मागायला लोक येतील. महिन्याला घरबसल्या पैसे देऊ म्हणतील. भिंतीवर तुमचं सर्टिफिकेट टांगलेलं आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा उभा, अशा दुकानात आजींच्या हातातली नारिंगी टोपणाची सिरिंज कोण ओळखणार? तुमचं सर्टिफिकेट असेल त्या दुकानात तुम्ही स्वतः उभे राहा, आणि पाकीट हातात देण्याआधी निदान एक प्रश्न विचारा.