केस जिरवणारी माती



दिवाळी सरते, भाताची झोडणी उरकते, आणि मेंढरांचे कळप भोरवरून वरंध घाटाने कोकणाच्या वाटेला लागतात. वाटेत एखादा शेतकरी धनगराला थांबवतो आणि रिकाम्या खाचरात चार रात्री मेंढरं बसवून घेतो. लेंड्यांचं खत मिळतं, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. मी मात्र कळप उठून गेल्यावर खाचरात वाकून बघतो. ढेकळांना लोकरीचे पुंजके चिकटलेले असतात, खुरांच्या कपच्या पडलेल्या असतात. पुढच्या आषाढात चिखलणीच्या वेळी त्याच मातीत हात घालावा, तर यातलं काही सहसा हाताला लागत नाही. ते गेलं कुठे?

लोकर, केस, नखं, शिंगं, पिसं, खुरं हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. अंड्यातला पांढरा बलकही प्रथिनच, पण तो आपण खातो आणि पचवतो. केस मात्र आपल्याला पचत नाही. सतत अंग चाटणाऱ्या वासराच्या पोटात केसांचा घट्ट गोळा सापडतो, तो यामुळेच. केराटिनचे धागे सुंभासारखे एकमेकांत पिळलेले असतात आणि जागोजागी गंधकाच्या टाक्यांनी शिवलेले असतात. केस जळाला की जो उग्र वास येतो, त्यात या गंधकाचा मोठा वाटा आहे. हे टाके जोवर शाबूत, तोवर पाचकरसाला आत शिरायला फट मिळत नाही. कोरड्या जागी केस हजारो वर्षं टिकतो. इजिप्तच्या ममींच्या डोक्यावर तो आजही आहे.

आपल्या ओल्या मातीत मात्र हे टाके उसवणाऱ्या बुरश्या आहेत. बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती पाचकरस बाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. दुधातल्या प्रथिनावर तिला फार कष्ट पडत नाहीत. प्रयोगशाळेत दूध घातलेल्या पांढुरक्या थरावर अशी बुरशी वाढवली, की तिच्याभोवती काचेसारखं स्वच्छ कडं उमटतं. तिथलं प्रथिन तिने खाल्लेलं असतं. केसावर आधी टाके उसवावे लागतात. त्यासाठी ती सल्फाइट बाहेर सोडते, आणि मला याचं फार नवल वाटतं, की हे सल्फाइट ती खाल्लेल्या केराटिनमधल्याच गंधकापासून बनवते. टाके सुटले की पाचकरसातली विकरं आत शिरतात. काही धाग्याला मधेच तोडतात, काही टोकाकडून एकेक मणी काढत जातात. ते मणी म्हणजे अमिनो आम्लं. त्यातला जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो, आणि तो पिकाच्या कामी येतो.

ही बुरशी मातीतून पकडायची युक्ती सोपी आहे. बेल्जियमच्या व्हानब्रुसेगेम यांनी ती १९५२ मध्ये मांडली. काचेच्या बशीत माती घ्यायची, स्वच्छ पाण्याने ओलावायची, वर निर्जंतुक केलेल्या केसांचे तुकडे पसरायचे आणि झाकून ठेवायचं. वेल्ह्याच्या, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या, एका गोठ्यातली माती मी अशी ठेवली होती. तिसऱ्या आठवड्यात केसांवर पिठूळ पांढरी लव आली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर केसात पाचरीसारख्या खाचा पडलेल्या. करवतीने लाकूड कापावं तशा आडव्या.

याच बुरश्यांची भावंडं आपल्या अंगावर येतात. कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा, केराटिनने भरलेला. गजकर्णाची बुरशी तोच खाते आणि बाहेरच्या दिशेने सरकते, म्हणून चट्टा गोल दिसतो. लावणीच्या दिवसांत बाया-माणसं दिवसदिवस चिखलात उभी असतात. बोटांच्या बेचक्या भिजून पांढऱ्या पडतात आणि चिखल्या होतात. त्यात जिवाणूंचाही हात असतो, पण बुरशीला ती ओल आयतीच मिळते. मेंदीचा लेप लावा, पण त्याआधी पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा.

गजकर्णावर लावायला दुकानातून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. त्याने खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी आत निवांत खात राहते. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर चिवट गजकर्ण पसरलं आहे. भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या अशा बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. टर्बिनाफीनसारखं नेहमीचं औषधही तिच्यावर अनेकदा चालत नाही.

तेव्हा चट्टा हटत नसेल, तर डॉक्टरांना त्याची खरवड तपासायला सांगा. चामडं कमावताना केस सैल करायला चुना लावतात. इथेही तसंच एक अल्कधर्मी द्रव्य वापरतात. चट्ट्याच्या कडेचा कोंडा काचपट्टीवर घेतात आणि त्यावर त्याचा एक थेंब सोडतात. कातडीचं केराटिन विरघळून पारदर्शक होतं. बुरशीची भिंत कायटिनची, ती तशीच राहते, आणि काही मिनिटांत तिचे फांद्या फुटलेले धागे काचेवर स्पष्ट दिसू लागतात.