बोहारणीने परत केलेली पिशवी

आजचा भाग एका पिशवीवरून सुचलाय.

गेल्या महिन्यात कपाट आवरलं. दोन मोठ्या पिशव्या भरून कपडे निघाले. कुणाला तरी देऊन टाकू, असं ठरवत होते, तेवढ्यात खालून हाक आली, "जुन्या कपड्यावर भांडीऽऽ!" तुमच्यातल्या काहींनी बोहारीण पाहिलीच नसेल. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार फिरते, जुने कपडे घेते आणि बदल्यात स्टीलची भांडी देते. पैशाचा संबंध नाही, सगळी घासाघीस वस्तूंवर.

मावशींनी जिन्यातच बैठक मारली. एकेक कपडा उजेडात धरायचा, काख बघायची, कॉलर बघायची, चेन ओढून बघायची. माझ्या लेगिंग्ज बाजूला. मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेले सात टी-शर्ट बाजूला. मी म्हटलं, "अहो मावशी, हे तर एकदाच घातलेत!" त्या म्हणाल्या, "ताई, याचं फडकंसुद्धा होत नाही. पाणीच पीत नाही हे."

अख्खी एक पिशवी परत. खरं सांगते, अपमान झाल्यासारखं वाटलं.

मग जरा विचार केला. सुती शर्टाला पुढे किती जन्म असतात बघा. धुऊन, बटणं लावून, विरलेली कॉलर उलटी शिवून, इस्त्री करून तो बाजारात जातो. कुणीतरी कामावर घालतो. फाटला की गॅरेजमध्ये, छापखान्यात हात आणि मशीन पुसायला. किंवा गोधडीच्या पोटात. गूंज ही संस्था, जी अंशू गुप्तांनी 1999 मध्ये सुरू केली, ती जुन्या सुती कापडाचे पाळीसाठीचे पॅडसुद्धा बनवते.

लोकरीचे कपडे हरियाणात पानिपतला जातात. हो, आपलं तेच पानिपत! तिथे परदेशातूनही जुन्या स्वेटर-कोटांचे गठ्ठे येतात. बायका बटणं, चेन काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. मशीन त्याच्या चिंध्या पिंजतं आणि पुन्हा सूत निघतं. लाल ढिगातून लाल सूत, त्यामुळे रंगवायचा खर्च वाचतो. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं होतात. भूकंप-पुरात वाटतात ना, त्यातली बरीच तिथलीच.

आणि माझे टी-शर्ट? पॉलिस्टर आणि ताणणारा धागा एकत्र विणलेले कपडे. ते धागे पुन्हा वेगळे करणं अवघड आणि महाग. गोधडीत घातलं तर घाम शोषत नाही.

2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात मी आलेले कपडे निवडायला बसले होते. त्यात काखेत फाटलेले कुर्ते होते, एकेकटे मोजे होते, टिकल्यांचा घागरासुद्धा होता. तेव्हा देणाऱ्यांना मनातून खूप शिव्या घातल्या. मावशी भेटल्या नसत्या तर या वेळी माझीही पिशवी तशाच कुठल्या तरी ढिगात गेली असती.

हां, एक राहिलंच. मावशींना सगळ्यात जास्त आवडला तो बाबांचा निळ्या चौकड्यांचा शर्ट. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तो पिशवीत कसा आला मला माहीत नाही, मी तरी टाकला नव्हता. मी पटकन हात घातला, तर आई म्हणाली, "असू दे गं. कपाटात ठेवून त्याचं काय करायचंय? घालेल कुणीतरी." आणि लगेच मावशींकडे वळून, "पण एवढ्याशा वाटीवर नाही हं देणार. ते पातेलं काढा."

दहा मिनिटं घासाघीस चालली. वर एक पँट द्यावी लागली, पण पातेलं आलं. आता रोज त्यातच दूध तापतं.

तुमच्याकडे अजून बोहारीण येते का? आली तर काय घेते, काय परत करते? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते.