पाळत कोणाच्या परवानगीने?

(अकोला येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)

साथींनो, राजकीय नेत्यांचे दूरध्वनी खोटी नावे दाखवून चोरून ऐकले गेले, अशा आरोपाचा गुन्हा 2022 साली पुण्यात नोंदला गेला. आपल्या शेजारच्या अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू हे त्या नेत्यांपैकी एक. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. तेव्हा कोणा व्यक्तीच्या दोषाची चर्चा येथे नको. प्रश्न व्यवस्थेचा आहे.

इंग्रजांच्या 1885 च्या तार कायद्यातील या अधिकारावर 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने गृहसचिवाच्या आदेशाचे व पुनर्विलोकन समितीचे बंधन घातले. परंतु समितीतही सचिवच! 2017 मध्ये खाजगीपणा मूलभूत हक्क ठरला. तरीही 2023 च्या दूरसंचार कायद्याने परवानगीचा अधिकार सरकारकडेच ठेवला. काटाही व्यापाऱ्याचा आणि हिशेबही व्यापाऱ्याचाच, म्हणजे काय होते, हे वऱ्हाडातील कापूस उत्पादकास सांगावयास नको.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी : न्यायाधीशाच्या पूर्वपरवानगीविना पाळत नको, आणि पाळत संपल्यावर त्या नागरिकास तसे कळविले पाहिजे. ज्याला अन्याय झाल्याचे कळतच नाही, तो दाद कोठे मागणार?