हेलसिंकी ते टोकियो : साडेनऊचे तेरा तास

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर त्यावर एक दोरा ताणून बघावा. एक टोक फिनलंडच्या राजधानीवर, हेलसिंकीवर, दुसरं टोकियोवर. दोरा घट्ट ओढला की आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि जवळजवळ सगळाच रशियावर, सैबेरियाच्या जंगलांवर टेकतो. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट वाकडी दिसते, पण गोलावर हीच सर्वांत जवळची. लांबी सुमारे 7,800 किलोमीटर. मुंबई ते लंडन 7,200च्या आसपास भरतं, त्याहून थोडंसंच जास्त.

2022च्या सुरुवातीपर्यंत फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं विमान हे अंतर साधारण साडेनऊ तासांत कापायचं. आता तेरा तास लागतात. फेब्रुवारी 2022मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय देशांनी रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानेही उलट तेच केलं, आणि दोऱ्याखालचा सगळा टापू काही दिवसांत वर्ज्य झाला.

शीतयुद्धाच्या काळातही हीच अडचण होती : सोव्हिएत आकाशातून सरळ जाता येत नसे. फेब्रुवारी 1957मध्ये स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगनहून टोकियोला उत्तर ध्रुवाच्या बाजूने, अलास्कातल्या अँकरेजमार्गे सेवा सुरू केली. विमानं पंख्यांची, डीसी-7सी. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्रावर विसंबता येत नाही, म्हणून खास जायरोस्कोपच्या आधाराने दिशा धरायची. प्रवासाला तीस तासांहून जास्त लागायचे. तरीही आशियाच्या दक्षिणेकडून वळसा घेत जाण्यापेक्षा खूप वेळ वाचायचा.

पुढे जेट विमानं आली, तरी अँकरेजचा थांबा बरीच वर्षं टिकला. त्या विमानतळावर उदोन नूडल्सचं एक दुकान होतं. युरोपातून घरी परतणारा जपानी प्रवासी बर्फाळ अलास्कात उतरायचा आणि विमानात इंधन भरेपर्यंत घरच्या चवीचा, वाफाळता वाडगा हातात धरून उभा राहायचा. त्या पिढीतल्या कित्येकांना अँकरेज आठवतं ते त्या रश्श्यासाठी. लांबच्या प्रवासातला हा दिलासा किती मोठा असतो, ते परदेशात वरणभातासाठी जीव कासावीस झालेल्या माणसाला सांगायला नको.

एप्रिल 1983मध्ये फिनएअरने जादा इंधनटाकी बसवलेल्या डीसी-10 विमानाने हेलसिंकी ते टोकियो न थांबता उड्डाण सुरू केलं. ध्रुवावरून, मग बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून खाली. वेळ : सुमारे तेरा तास.

नंतर सोव्हिएत आकाश खुलं झालं, वाट सरळ झाली, आणि हेलसिंकीने युरोप-आशियामधला सर्वांत जवळचा दुवा म्हणून नाव कमावलं. छोट्या देशाने भूगोलाच्या बळावर उभा केलेला हा व्यवसाय होता. म्हणूनच 2022चा घाव तिथे खोल बसला.

मार्च 2022मध्ये टोकियोची सेवा पुन्हा सुरू झाली, ती दोन वाटांनी. एक उत्तरेची, ध्रुव आणि अलास्कावरून, जवळपास 12,900 किलोमीटरची. दुसरी दक्षिणेची, मध्य आशिया आणि चीनवरून. कोणती घ्यायची ते बरंचसं वारा ठरवतो. जपानवर पश्चिमेकडून पूर्वेला धावणारा उंचावरचा जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी 300 किलोमीटरच्याही वर जातो. टोकियोहून निघालेलं विमान त्याच्याशी झुंजण्याऐवजी त्यालाच पाठीशी घेतं आणि युरोपला जायला आधी पूर्वेकडे, पॅसिफिकवर झेपावतं. इंधन सुमारे 40 टक्के जास्त जळतं. पूर्वी तीन वैमानिक पुरायचे, आता चार लागतात.

आणि उत्तरेच्या वाटेने आलेल्या प्रवाशांच्या हाती फिनएअरचे कर्मचारी उत्तर ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र ठेवू लागले.